हेडसेट बदलला की आकडे बदलतात: दोन सायकलींचा फिट घरच्या घरी कसा जुळवायचा

नवीन फ्रेम बघताना आपण सगळेच करतो तेच मी केलं, जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता उघडला आणि थेट हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, लांबीवर गेलो. माझ्या स्टीलच्या टूरिंग सायकलची हेड ट्यूब १२५ मिमी, आणि सेकंडहँड मिळत होती त्या ॲल्युमिनियमच्या रोड फ्रेमची १५०. म्हणजे हँडल आपोआप २५ मिमी वर येणार, मग हँडलखाली एवढा स्पेसरचा, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्यांचा, ढीग कशाला ठेवायचा, असा हिशोब करून मी दुकानात उभ्या उभ्या स्टीअररचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) वर येणाऱ्या नळीचे, २० मिमी कापून घेतले आणि ३० चे स्पेसर होते तिथे १० चे ठेवले. दिसायला काय भारी दिसत होती सायकल! पुढच्या रविवारी पुण्याहून वाईला निघालो, खंबाटकी चढेपर्यंत सगळं ठीक, पण उतारावर ड्रॉप्स, म्हणजे हँडलचे खाली वळलेले भाग, धरले तर मान वर धरवेना, आणि वाईत चहाचा ग्लास उचलताना दोन्ही करंगळ्या बधिर. घरी येऊन टेप लावली तर हँडल जुन्या सायकलीपेक्षा ३८ मिमी खाली आणि ९ मिमी पुढे!

दुकानदाराची काही चूक नाही बरं का, तो बिचारा दोनदा म्हणाला "साहेब, आठ दिवस चालवा मग कापू", मीच घाई केली. चूक अशी की मी हेड ट्यूब हेड ट्यूबशी तोलली आणि तिच्या वर-खाली बसणारा हेडसेट हिशोबातच धरला नाही. तर हा हिशोब नीट कसा करायचा ते सांगतो, माझ्याच दोन सायकली घेऊन.

आधी हेडसेट ओळखा

हेडसेट म्हणजे आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीच्या भाषेत बॉल रेसर, ज्यावर चिमटा फिरतो ते वरचं आणि खालचं बेअरिंग. सायकल न उघडता, नुसतं बघून प्रकार कळतो.

स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या दांडीच्या, खाली दोन मोठे चपटे नट दिसले आणि स्टेम चिमट्याच्या नळीच्या आत घुसलेला असला तर तो थ्रेडेड, जुन्या घोड्यांवर आणि आजही साध्या सायकलींवर हाच. स्टेम स्टीअररला बाहेरून आवळलेला आणि वर टोपीत एक ॲलन बोल्ट, तर थ्रेडलेस. हा प्रकार आहेडसेट नावाने १९९० च्या दशकात आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला.

आता थ्रेडलेसमध्ये तीन पोटजाती, आणि फिटची सगळी गंमत इथेच आहे. हेड ट्यूबच्या बाहेर वर-खाली वाटीसारखे कप स्पष्ट दिसत असतील तर तो एक्स्टर्नल कप. कप आत दाबलेला आणि बाहेर फक्त पातळ कडा दिसत असेल तर झिरो स्टॅक, ह्यालाच सेमी इंटिग्रेटेड म्हणतात. आणि कपच नाही, बेअरिंग थेट फ्रेमच्या कोरलेल्या खाचेत बसलंय, वर नुसतं झाकण, तर इंटिग्रेटेड. हेड ट्यूब खाली जाडजूड होत गेली असेल तर खालचं बेअरिंग बहुतेक दीड इंची, म्हणजे टेपर्ड.

बॉक्सवर किंवा वेबसाइटवर ईसी३४/२८.६, झेडएस४४/२८.६, आयएस५२/४० असले कोड असतात, ते बघून घाबरू नका. पहिली दोन अक्षरं प्रकार सांगतात, पुढचा आकडा हेड ट्यूबचं भोक किती मिमी, आणि तिरक्या रेघेनंतरचा आकडा वरच्या बाजूला स्टीअररची जाडी आणि खालच्या बाजूला चिमट्यावर रेस (बेअरिंगखालची कडी) बसते त्या जागेची जाडी. २८.६ म्हणजे नेहमीचा १ १/८ इंची, ४० म्हणजे दीड इंची.

मग टेप काढा आणि तीन मापं घ्या, एक नाही

चिमट्याचा माथा जिथे संपतो तिथपासून हेड ट्यूब सुरू होईपर्यंत किती, हेड ट्यूब किती, आणि हेड ट्यूब संपल्यापासून पहिला स्पेसर सुरू होईपर्यंत किती. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर शाळेची स्टीलची पट्टी चालते, फक्त डोळा सरळ रेषेत ठेवा.

माझ्या टूरिंगवर एक्स्टर्नल कप: खाली १२, हेड ट्यूब १२५, वर १४. एकूण १५१. रोड फ्रेमवर इंटिग्रेटेड: खाली जेमतेम १, हेड ट्यूब १५०, वरचं झाकण ८. एकूण १५९. बघा, कागदावर २५ मिमीचा फरक होता तो इथेच ८ वर आला. एक्स्टर्नल कपवाल्या फ्रेमची हेड ट्यूब आखूड दिसते कारण कपांची उंची बनवणाऱ्याने गृहीत धरलेली असते, इंटिग्रेटेडमध्ये तीच उंची नळीतच द्यावी लागते. म्हणून दोन वेगळ्या हेडसेटच्या फ्रेम्सची हेड ट्यूब एकमेकींशी तोलू नका, कधीच नाही.

मग कोणी म्हणेल की अरे तू स्टॅक आणि रीच बघ ना, हेड ट्यूब कशाला बघतोस. बरोबर आहे, पण अर्धंच. स्टॅक म्हणजे बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, जिथे पेडलचे क्रँक फिरतात) मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे तेच आडवं अंतर. ह्या स्टॅकमध्ये चिमट्याची लांबी आणि खालचा कप धरलेला असतो, पण वरचा कप धरलेला नसतो, कारण माप हेड ट्यूबलाच संपतं. म्हणजे तक्त्यात दोन फ्रेम्सचा स्टॅक ५६० असला तरी एकीवर १४ चा कप आणि दुसरीवर ८ चं झाकण असेल तर त्याच स्पेसरला हँडल ६ मिमी वर-खाली. आणि काही इंटिग्रेटेड फ्रेम्सवर १५-२० मिमीचं उंच कोनासारखं झाकण येतं, तिथे उलटाच खेळ. तक्त्यात हे कुठे बारीक अक्षरात असलं तर असतं, नाहीतर नसतं.

स्टॅकचा हिशोब स्वतः करून बघा

हे थोडं शाळेतलं त्रिकोणमिती आहे पण फोनवर दोन मिनिटांत होतं. चिमट्याची लांबी म्हणजे चाकाच्या ॲक्सलपासून माथ्यापर्यंत, अधिक खालचा कप, अधिक हेड ट्यूब. ही बेरीज हेड अँगलच्या, म्हणजे हेड ट्यूब जमिनीशी करते त्या कोनाच्या, साइनने गुणा. त्यातून चिमट्याचा पुढचा बाक, ज्याला रेक किंवा ऑफसेट म्हणतात, गुणिले त्याच अँगलचा कोसाइन, हे वजा करा. शेवटी बीबी ड्रॉप, म्हणजे चाकांच्या ॲक्सलपेक्षा बीबी जेवढं खाली असतं तेवढं, मिळवा. झाला स्टॅक.

टूरिंग: चिमटा ३९५, कप १२, हेड ट्यूब १२५, बेरीज ५३२. हेड अँगल ७२ अंश, साइन ०.९५१, म्हणजे ५०६. रेक ४५ गुणिले ०.३०९ म्हणजे १४ वजा. बीबी ड्रॉप ७५ अधिक. ५६७ आला.

रोड: चिमटा ३७०, खाली १, हेड ट्यूब १५०, बेरीज ५२१. अँगल ७३, साइन ०.९५६, म्हणजे ४९८. १३ वजा, ड्रॉप ७० अधिक. ५५५.

हेड ट्यूब २५ ने लांब, आणि स्टॅक १२ ने कमी! लांब हेड ट्यूबचा सगळा फायदा २५ मिमीने आखूड असलेल्या चिमट्याने खाल्ला, वरून खालच्या कपाचे ११ गेले आणि बीबी ड्रॉपचे ५ गेले. मला हा हिशोब आधी कोणी करून दाखवला असता तर मी करवतीला हात लावू दिला नसता.

आता हँडल नक्की कुठे येतं ते

फ्रेमचा स्टॅक हातात धरून आपण सायकल चालवत नाही, हात असतात हँडलवर. त्यामुळे हेड ट्यूबच्या वरचं सगळं मोजा: वरचा कप, स्पेसर, आणि स्टेमच्या क्लॅम्पची निम्मी उंची, ती साधारण २० धरा. ही बेरीज तिरक्या स्टीअररच्या दिशेने आहे, त्यामुळे ७२-७३ अंशांना दर १० मिमीमागे हँडल साधारण ९.५ मिमी वर आणि ३ मिमी मागे जातं. हे "मागे" लोक विसरतात. स्पेसर घालून हँडल वर केलं की रीचही कमी होतो, म्हणून दोन फ्रेम्सचा रीच ३८५-३८५ सारखा दिसला तरी ज्या फ्रेमचा स्टॅक कमी तिला स्पेसर घालून बरोबरीला आणेपर्यंत तिचा रीच कमी झालेला असतो.

मग स्टेम. ६ अंशांचा स्टेम खाली झुकवून लावला तर ७३ च्या हेड अँगलला तो जमिनीशी ११ अंश वर चढतो, ९० वजा ७३ वजा ६. तोच उलटा करून वर झुकवला तर २३ अंश. ९० मिमीच्या स्टेमला ह्यातून अनुक्रमे १७ आणि ३५ मिमी उंची मिळते. फक्त पलटी मारून १८ मिमी, फुकट.

टूरिंगवर हेड ट्यूबच्या वर १४ कप, ३० स्पेसर, २० क्लॅम्प म्हणजे ६४, उभे धरले तर ६१. त्यात झुकवलेल्या ९० च्या स्टेमचे १९. हँडलचा मध्य बीबीपासून ६४७ वर आणि ४५३ पुढे. रोडवर ८, १०, २० म्हणजे ३८, उभे ३६, स्टेमचे १७. हँडल ६०९ वर आणि ४६२ पुढे. हेच ते ३८ आणि ९, टेपने मोजलं तेवढंच निघालं तेव्हा मला हिशोबाचा आनंद झाला आणि मानेचं दुःख.

आणि खरं चिडायचं कारण पुढे आहे. मी कापलं नसतं, ३० चे स्पेसर तसेच ठेवून नुसता स्टेम पलटला असता, तर हँडल ६४६ वर आणि ४५१ पुढे आलं असतं. एका मिलीमीटरचा फरक! आता कापलेल्या स्टीअररवर पलटी मारून ६२७ पर्यंतच जातं, म्हणजे अजून २० कमी, नेमके तेच २० जे दुकानाच्या फरशीवर पडले. शेवटी १७ अंशांचा ८० मिमीचा स्टेम लावून ६३६ वर आणलंय, पुढे ४४०. चालतंय, पण बगळ्यासारखी मान वर काढलेली दिसते सायकल.

आकडे नाहीत? भिंत आणि ओळंबा

जुन्या फ्रेमचा तक्ता कुठेच मिळत नाही, आणि मिळाला तरी तुमच्या चिमट्याचा असेलच असं नाही. मग गवंड्याची पद्धत. सायकल भिंतीला टेकवून सरळ उभी करा, पुढचं चाक सरळ, दोन्ही टायरमध्ये नेहमीची हवा. खाली फरशी समपातळीत आहे का ते पाणसळ ठेवून बघा, कारण पुढचं चाक ५ मिमी जरी वर असलं तरी सगळे अँगल पाव-एक अंशाने हलतात. बाल्कनीत तर अजिबात नको, तिथे पाणी जायला मुद्दाम उतार दिलेला असतो.

आता हँडलच्या मध्यापासून, स्टेमच्या अगदी लगत, ओळंबा सोडा आणि फरशीवर पेन्सिलने खूण करा. दुसरा ओळंबा बीबीच्या मध्यापासून, डाव्या क्रँकच्या बोल्टवरून, चेनच्या बाजूला नको तिथे दात आडवे येतात. दोन खुणांमधलं अंतर फरशीच्या सांध्याला समांतर मोजा, तो हँडलचा रीच. हँडलच्या मध्याची जमिनीपासून उंची वजा बीबीची जमिनीपासून उंची, तो हँडलचा स्टॅक. दोन सायकलींना हेच करा, वेगळ्या चाकांच्या असल्या तरी चालतं कारण सगळं बीबीपासून आहे. प्रत्येक माप दोनदा घ्या, आणि दोन्ही वेळा ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मी पहिल्यांदा एकट्याने केलं आणि सायकल अंगावर आली, त्यामुळे घरातल्या कोणाला तरी सीट धरायला बोलवा.

हेड अँगल फोनच्या ॲपने मोजणार असाल तर टेपर्ड नळीवर फोन टेकवू नका, नळीच खालून जाड असल्याने अँगल चुकीचा येतो. वरच्या आणि खालच्या बेअरिंगच्या मध्यातून जाणारी रेष धरा, लांब पट्टी लावून.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्याच्या आधी हवी: सीट. बीबीपासून सीटची उंची आणि सीट बीबीच्या किती मागे, हे दोन्ही सायकलींवर आधी सारखं करा आणि मगच हँडलकडे या. सीट ट्यूबचा अँगल १ अंशाने बदलला तर ७३० मिमी उंचीला सीट १२-१३ मिमी पुढे-मागे जाते, ती रेलवर सरकवून जागेवर आणावी लागते. हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे सरकवणारे बरेच भेटतात, मग त्यांचे गुडघे बोलायला लागतात. आणि ड्रॉप हँडल असेल तर हँडलचा स्वतःचा रीच, म्हणजे ते किती पुढे जाऊन वळतं, तोही बघा, एकाचा ७० आणि दुसऱ्याचा ८५ असला की वरचा सगळा हिशोब करूनही हूड (ब्रेक लिव्हरची रबरी पकड) १५ मिमी लांब.

थ्रेडेडवाल्यांसाठी

जुन्या १ इंची थ्रेडेडवर क्विल स्टेम, २२.२ मिमीचा, नळीच्या आत. स्पेसरची भानगड नाही, बोल्ट सैल करा, वरून लाकडी ठोकळा ठेवून एक ठोका मारा, आतली पाचर सुटते आणि स्टेम वर-खाली होतो. म्हणून फिट शोधायला ही सगळ्यात प्रेमळ व्यवस्था आहे, कापाकापी शून्य. फक्त कमीत कमी किती आत असावा ह्याची रेघ स्टेमवर कोरलेली असते ती बाहेर दिसता कामा नये, दिसली तर स्टेम मोडू शकतो.

तुलना करताना दोन गोष्टी. एक, वरच्या बाजूला कप, वॉशर, लॉकनट मिळून जास्त जागा जाते, तीही मोजा. दोन, जुना रोड क्विल इंग्रजी सातासारखा असतो, ७३ अंशांच्या फ्रेमवर तो जमिनीला अगदी समांतर राहतो, म्हणजे त्याची पुढची दांडी उंची देत नाही. तेवढ्याच लांबीचा ६ अंशांचा थ्रेडलेस स्टेम झुकवून लावला तरी वर सांगितल्याप्रमाणे १७ मिमी देतो. क्विलमध्ये बसणारा ॲडॅप्टर लावून मॉडर्न स्टेम टाकला आणि हँडल अचानक वर आलं असं वाटलं तर कारण हे.

हेडसेट बदलून जॉमेट्री बदलते ती अशी

४४ मिमीची सरळ हेड ट्यूब असेल तर खाली ईसी४४/४० कप लावून टेपर्ड चिमटा बसवता येतो, आणि बरेच जण बसवतात. पण झिरो स्टॅकचा कप काढून १२ मिमीचा बाहेरचा कप खाली लावला म्हणजे सायकलचं नाक १२ मिमी वर उचललं. १ मीटर व्हीलबेस (दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर) धरला तर हेड अँगल आणि सीट अँगल दोन्ही साधारण ०.६ ते ०.७ अंशांनी झोपतात, बीबी ५ मिमीच्या आसपास वर येतं, स्टॅक चार-साडेचार वाढतो आणि रीच ६ मिमीने घटतो. हेड अँगल झोपला की ट्रेल, म्हणजे स्टीअररची रेष जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, वाढतो, ४५ रेक आणि ३४० मिमी त्रिज्येच्या चाकाला ७३ वर ट्रेल ५७ आणि ७२ वर ६३, म्हणजे उतारावर सायकल जास्त सरळ चालते पण हळू चढताना हँडल जरा डुलतं. माउंटन बाइकवाले तर मुद्दाम तिरक्या कपाचे हेडसेट लावून एक-दोन अंश झोपवतात. वरचा कप बदलला तर मात्र अँगल हलत नाही, फक्त हँडल.

इंटिग्रेटेडमध्ये बेअरिंग घेताना त्यावर छापलेला कोन बघा, ३६×४५ आणि ४५×४५ हे दोन्ही हातात सारखेच वाटतात, आणि चुकीचं बसवलं की थेट फ्रेमची खाच घासते. कप खराब झाला तर कप बदलता येतो, खाच गेली तर फ्रेम गेली. म्हणून सेकंडहँड इंटिग्रेटेड फ्रेम घेताना पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हेडसेटवर बोट ठेवा, कटकट लागली तर भाव पाडा किंवा निघा. पावसाळा काढलेली सायकल असेल तर खालचं बेअरिंग हमखास गंजलेलं निघतं, सगळं पाणी तिथेच उडतं.

केबल हेडसेटमधून आत जाणाऱ्या नव्या फ्रेम्सवर एक जादा डोकेदुखी. तिथे वरचं झाकण आणि स्पेसर बऱ्याचदा त्याच कंपनीचे लागतात, उंची ठरावीक टप्प्यांत बदलते, आणि हँडल वर घ्यायचं तर हायड्रॉलिकची नळी पुरते का हा प्रश्न. अशी फ्रेम घेत असाल तर वरचं सगळं गणित पैसे देण्याआधी करा.

आणि कापायचं कसं

स्टीअररची लांबी म्हणजे खालचा कप, हेड ट्यूब, वरचा कप, स्पेसर, स्टेमचा क्लॅम्प, ह्यांची बेरीज वजा ३ मिमी, म्हणजे टोपी आवळायला जागा राहते. माझ्या रोडवर १, १५०, ८, १०, ४० वजा ३, म्हणजे २०६. दुसऱ्याचा वापरलेला चिमटा घेताना विकणाऱ्याला हा आकडा आधी विचारा, फोटो नंतर. कार्बन स्टीअररवर स्टेमखाली किती स्पेसर चालतात ह्याची मर्यादा चिमटा बनवणारा देतो, ती पाळा.

पहिल्यांदा लांबच ठेवा, जादा स्पेसर स्टेमच्या वर लावा, डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं आणि ग्रुपमधले हसतात, हसू देत. दोन-तीन लांबच्या राइड करा, त्यातली एक तरी चार तासांची, कारण सिंहगड चढून-उतरून आलात तेवढ्यात मान काही सांगत नाही. स्पेसर ५-५ मिमीने खालून वर हलवत जा आणि प्रत्येक वेळी हँडलचा स्टॅक वहीत लिहा. मग ठरलं की वर ५ मिमीचा एक स्पेसर ठेवूनच कापा.